बोटींतील जागा

या वार्षिक अंकासाठीं पालकांपैकीं कोणी तरी प्रवासावर चार शब्द लिहावे, असा संपादकांचा निरोप माझ्या मुलानें घरीं आणला, तेव्हां मला जरा संकोचच वाटला. मी चाकणच्या एका कारखान्यांत मोटारींचे सुटे भाग मोजणारा मनुष्य. माझा रोजचा प्रवास म्हणजे चिंचवडहून चाकण आणि चाकणहून चिंचवड; त्यांतील निम्मा वेळ तळवड्याच्या चौकांत उभें राहण्यांत जातो. परंतु गेल्या हिवाळ्यांत आमच्या कुटुंबानें मुंबईहून गोव्यापर्यंत समुद्रावरील एक लहानशी सफर केली. सफरीपेक्षां तिच्या तयारीनेंच आमच्या घरांत अधिक खळबळ उडविली, आणि वाचकांस सांगण्याजोगें जें कांहीं आहे तें बहुतेक त्या तयारींतच आहे.

पहिली अडचण वाराची. आमच्या भागांतील वाचकांस हें सांगणें नको कीं, पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथील पुष्कळशा कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीं असते. माझा धाकटा भाऊ हिंजवडीस संगणकाच्या कचेरींत असतो. त्याची सुट्टी शनिवार-रविवार. मुलांची शाळा रविवारीं बंद. एकाच छपराखालीं राहून आम्ही सारे एका वेळीं जेवावयास बसलों, असा दिवस दिवाळीवांचून आठवत नाहीं. मे महिन्यांत मुलांस सुट्टी असते खरी, परंतु तेव्हां वादळांचें भय. ‘तौक्ते’ हें वादळ २०२१ च्या मे महिन्यांतच आपल्या किनाऱ्यालगत गेलें, आणि ‘फयान’ तर २००९ सालीं नोव्हेंबरांत आलें. पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता. नाताळांत भाडें चढतें. शेवटीं प्रजासत्ताकदिनाला लागून आलेला गुरुवार सांपडला. गुरुवार माझा, शुक्रवार राष्ट्राचा, पुढचे दोन दिवस भावाचे. शनिवारची एक रजा मीं मागून घेतली. मुलांनीं झेंडावंदनास हजर राहतां येणार नाहीं म्हणून मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत घरांत कोणी बोटीचें नांव काढलें नाहीं.

अशा सफरीच्या बोटी किती प्रचंड असतात याची मला कल्पना नव्हती. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या ज्या ‘एम्प्रेस’ बोटीच्या फेऱ्या सुरू झाल्या, ती १९९० सालीं फ्रान्समधील सें-नाझेर येथील गोदींत बांधून पुरी झाली. तिची लांबी सुमारें २१० मीटर, आणि टनेज ४८,५६३. हा आकडा ऐकून माझा मुलगा म्हणाला, “बाबा, एवढें वजन तरंगतें कसें?” विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें टनेज म्हणजे वजन नव्हे. बोटीच्या पोटांत बंदिस्त जागा किती आहे, त्या मोजमापावरून तें काढलेलें असतें.

आतां खोल्यांविषयीं. बोटीवरील खोली निवडणें हें घर घेण्यासारखेंच आहे; एवढाच फरक कीं, आधीं पाहावयास जातां येत नाहीं. सर्वांत स्वस्त खोल्या बोटीच्या अंतर्भागांत असतात. त्यांस खिडकी नसते. त्याहून महाग त्या बंद कांचेंतून समुद्र दाखविणाऱ्या, त्याहून सज्जा असलेल्या, आणि सर्वांच्या वर दिवाणखान्यासह ऐसपैस. भाडें माणशीं असतें, परंतु तें एका खोलींत दोघे राहणार असें धरून. एकट्यानें खोली घेतली तर बहुधा दोघांच्या जवळपास पैसे पडतात. उलट तिसरा व चौथा मनुष्य कमी भाड्यांत जातो. मात्र त्यांची शय्या भिंतींतून किंवा छतांतून उघडते व तिच्यावर शिडीनें चढावें लागतें. आम्ही सात जण: आई, मी, माझी पत्नी, दोन मुलें, भाऊ आणि भावजय. आई पंचाहत्तरीची, गुडघ्यांनीं अधू; तिला शिडी शक्य नव्हती. तेव्हां आई, माझी पत्नी व मुलगी एका खोलींत, मी व मुलगा दुसऱ्या, आणि भाऊ-भावजय तिसऱ्या खोलींत, असें ठरलें.

येथवर सारें सुरळीत होतें. एका प्रवासी कचेरींतील गृहस्थांनीं सांगितलेला आकडा ऐकून आम्ही हरखलों. घरीं येऊन कागद वाचला, तेव्हां बंदराची पट्टी, सरकारी कर आणि बोटीवरील सेवकांची बक्षिसी हें सारें निराळें होतें. तेव्हांपासून मी भेटेल त्यास सांगतों, पहिला आकडा विचारूं नये, शेवटचा विचारावा.

रात्रीं जेवणें झाल्यावर बोटीचा नकाशा जमिनीवर पसरून आम्ही बसत असूं. मजल्यामागून मजला, खोल्यांचे क्रमांक, जिने, पाळणे, भोजनगृह, नाचरंगाची जागा. कारखान्यांतील यंत्राच्या नकाशाहूनही तो किचकट. मुलाला सर्वांत वरची आणि अगदीं पुढच्या टोंकाची खोली हवी होती. कप्तानासारखें दिसेल म्हणून. पत्नीचें म्हणणें एकच, तिन्ही खोल्या शेजारीं असाव्या व पाळणा जवळ असावा. भावानें सज्जा धरून ठेवला. “सज्ज्यांत बसून चहा पितां पितां सारें कोंकण पाहूं,” असें तो म्हणे.

मीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. बोट सुटणार सायंकाळीं. जानेवारींत सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळांत सूर्य मावळतो. म्हणजे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हा सारा किनारा रात्रींच मागें पडणार. शिवाय एवढी मोठी बोट किनाऱ्यापासून पुष्कळ दूर चालते. परतीचा प्रवासही बराचसा रात्रींच. “अरे, सज्ज्याचे पैसे देऊन काळोख पाहावयाचा,” मी म्हणालों. त्यावर भाऊ म्हणाला, “दादा, पण तो काळोखही समुद्राचाच ना?” यावर मला उत्तर सुचलें नाहीं, मात्र तीन खोल्यांच्या सज्ज्यांचा फरक बेरजेंत आला, तेव्हां तो स्वतःच गप्प बसला.

या साऱ्या वादांत आई एक शब्दही बोलली नव्हती. तिसऱ्या रात्रीं ती खुर्चीवरून वांकली व तिनें विचारलें, “यांत इंजिन कोठें आहे रे?” मीं मागच्या बाजूस बोट दाखविलें. “आणि मोरी?” येथें मुलें हंसलीं, प्रत्येक खोलीस निराळें स्नानगृह आहे हें नातीनें तिला समजाविलें. “मग मध्यें घ्या,” ती म्हणाली, “आणि जितकी खालीं मिळेल तितकी खालीं. पुढें घ्याल तर बोट लागेल. एस्. टी.च्या शेवटच्या बांकावर कधीं बसलां नाहींत का?”

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ओंडक्यावर आडवी फळी ठेवून मुलें तिच्या दोन्ही टोंकांस बसतात, तेव्हां टोंकें खालींवर होतात आणि मधला भाग जवळजवळ स्थिर राहतो. लाटांवर बोटीचेंही तसेंच होतें. आणि डुलतांना वरचे मजले खालच्यांपेक्षां अधिक हेलावतात. मागील खोल्यांस यंत्राची थरथर, भोजनगृहाच्या वरखालीं खुर्च्यांचा खडखडाट, नाचरंगाखालीं मध्यरात्रीपर्यंत ढोल. जिच्या वरही खोल्या आणि खालींही खोल्या, ती खोली सर्वांत शांत. हें मला चार दिवसांच्या वाचनानें कळलें होतें. आईला तें कोठून कळलें?

आमची आई मूळची जयगडच्या खाडीकांठची. तिचे वडील मुंबईस लालबागच्या एका गिरणींत होते. त्या काळीं कोंकणांत जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट. कोंकण रेल्वे पुरी झाली ती १९९८ सालीं; बोटीची ती वाहतूक आतां केव्हांच बंद पडली आहे. खोल्या साहेबांसाठीं व श्रीमंतांसाठीं; बाकीच्यांनीं धांवत जाऊन डेकवर गोधडी पसरावी आणि जेवढी गोधडी तेवढी आपली जागा. कोठें पसरावी हें आजीस चांगलें ठाऊक होतें: मधोमध, धुराड्याच्या राखेपासून दूर, मोरीपासून त्याहून दूर. बंदर आलें कीं बोट खोल पाण्यांतच उभी राही आणि पडावांतून किनाऱ्याला जावें लागे. १९५९ सालीं आईचे वडील मुंबईस वारले. आजी दोन मुलांस घेऊन गांवीं परतली ती याच बोटीनें. त्यानंतर आई पुन्हां बोटींत बसली नाहीं. एवढें आम्हांस माहीत होतें. याहून अधिक तिनें कधीं सांगितलें नव्हतें.

त्या रात्रीं मुलें निजल्यावर ती मला म्हणाली, “खोल्या तुम्ही हव्या त्या घ्या. मला फक्त एक रात्र उघड्यावर बसूं द्या.”

मी म्हणालों, “आई, जानेवारींत थंडी असते. तुला खोलींत सोय असतांना उघड्यावर कशाला?”

“त्या रात्रीं मला झोंप लागली रे,” ती म्हणाली. “धाकटाही झोंपला. आई एकटीच बसून होती. सकाळीं मीं डोळे उघडले तेव्हां ती तशीच बसलेली होती, आमच्या दोघांच्या अंगांवर हात टाकून. मी नऊ वर्षांची होतें. मला जागतां आलें असतें.”

यानंतर सज्ज्याची गोष्ट कोणीं काढली नाहीं. आम्हीं तीन आंतल्या खोल्या घेतल्या. मधोमध, खालच्या मजल्यावर, पाळण्याजवळ. वांचलेल्या पैशांतून आईस एक जाड लोकरीची शाल आली. भावानें तिच्यासाठीं चाकांची खुर्ची आधींच सांगून ठेवली. बाकीची तयारी कोणत्याही प्रवासासारखीच: सर्वांचीं सरकारी ओळखपत्रें, डॉक्टरांस विचारून घेतलेल्या गोळ्या, आणि आईच्या आग्रहानें मिठांत घातलेलें आलें.

गुरुवारीं पहांटे चिंचवड स्टेशनावर सिंहगड एक्स्प्रेस धरली. बोटीवर पाऊल ठेवल्यावर प्रथम संकटकाळची कवाईत झाली. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ सालीं राष्ट्रांनीं जो करार केला, त्याच परंपरेंतील हा नियम आहे. आमचे तरुण सहप्रवासी कंटाळून उभे होते. आईनें मात्र आपली जीवरक्षक नाव कोणती तें दोनदां विचारून घेतलें. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला जातांना बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ही हकीगत तिच्या लहानपणीं कोंकणांत घरोघर सांगितली जात असे.

मध्यरात्रीपर्यंत वरच्या डेकवर गाणें-बजावणें चाललें होतें. मग एकएक जण खालीं गेला. मी आईच्या शेजारीं बसलों. वारा गार होता, आणि काळोख भावानें म्हटल्याप्रमाणें खरोखरच समुद्राचा होता. मासेमारी नौकांचे दिवे तेवढे मधूनमधून दिसत. फार दूर पूर्वेस एक दिवा लुकलुकतोसा वाटला. “जयगड असेल का रे?” तिनें विचारलें. जवळून जाणाऱ्या खलाशास मीं विचारलें; तो म्हणाला, आपण किनाऱ्यापासून फार आंत आहों, ती एखादी होडी असावी. आईनें तें ऐकलें कीं नाहीं, कोण जाणे. दोन वाजतां तिनें मला खालीं पाठविलें. “तूं जा. तुझे डोळे मिटताहेत. मी आहें जागी.”

पहांटे नात चहाचा पेला घेऊन वर गेली, तेव्हां ती तशीच शाल लपेटून बसलेली होती. पेला हातांत घेतल्यावर तिनें पहिलें काय विचारलें, तर याचे पैसे निराळे पडतात का.

गोव्यास आम्हीं काय काय पाहिलें तें मुलांनीं आपल्या निबंधांत लिहिलेंच आहे. परतीच्या रात्रीं आई नऊ वाजतांच त्या बिनखिडकीच्या खोलींत गेली, आणि मुंबई आली म्हणून आम्हीं दार ठोठावीपर्यंत उठली नाहीं.