हत्याराचे हत्यार

सुताराच्या पेटीत हत्यारे पुष्कळ असतात. करवत लाकूड कापते, रंधा ते गुळगुळीत करतो, पटाशी खाच कोरते आणि गिरमिट भोक पाडते. परंतु कधी कधी असे काम पुढे उभे राहते, की पेटीतील एकही हत्यार त्याला पुरे पडत नाही. अशा वेळी कारागिराला प्रथम हत्यारच घडवावे लागते. लाकडाचे मोठे मळसूत्र व त्यावर बसणारा नट करणे, हे अशा कामांपैकीच एक होय.

मळसूत्र म्हणजे ज्याला सर्वजण स्क्रू म्हणतात ते. आज लोखंडी स्क्रू यंत्रातून क्षणात तयार होऊन बाहेर पडतो. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठी ऑलिव्हचे तेल आणि द्राक्षांचा रस काढण्यासाठी दाबयंत्रे वापरीत, त्यांची जाडजूड मळसूत्रे अखंड लाकडातून हाताने घडवावी लागत. ऑलिव्हची फळे ठेचल्यावर तेल लवकर काढून घ्यावे लागते. नाही तर लगदा आंबतो व तेल नासते. ऐन हंगामात मळसूत्र अडले, तर वर्षभराच्या श्रमांवर पाणीच पडायचे! म्हणून त्याचे आटे बिनचूक असणे अत्यंत आवश्यक होते.

पण गोल लाकडावर सारख्या चढाचे आटे आखावयाचे कसे? नुसत्या नजरेच्या अंदाजाने रेघ कोठे उंच जाईल, तर कोठे खाली घसरेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत हेरॉन नावाचा विद्वान होऊन गेला. यंत्रांविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ नवव्या शतकातील अरबी भाषांतराच्या रूपानेच आज पूर्ण उपलब्ध आहे. त्यात त्याने सांगितलेली युक्ती अगदी सोपी आहे. पातळ पत्र्याचा काटकोन त्रिकोण कापावा आणि तो लाकडाभोवती गुंडाळावा. त्याची तिरपी बाजू हीच आट्याची रेघ!

समजा, लाकडाचा व्यास 7 सेंटिमीटर आहे. त्याचा परीघ सुमारे 22 सेंटिमीटर होईल. त्रिकोणाचा पाया 22 व उंची 2 सेंटिमीटर घेतली, तर रेघ एका वेढ्यात बरोबर 2 सेंटिमीटर वर चढेल. मग त्रिकोण तेवढाच वर सरकवून पुढचा वेढा आखावा. या रेघेवर करवतीने काप घ्यावा आणि पटाशीने व कानशीने खाच नीट करावी, की मळसूत्र तयार झाले. या मळसूत्राला 70 सेंटिमीटर लांबीचा दांडा लावून फिरविले, तर हात 440 सेंटिमीटर फिरतो, तेव्हा मळसूत्र केवळ 2 सेंटिमीटर सरकते. घर्षण नसते, तर हाताचा जोर 220 पट झाला असता. घर्षण त्यातील बराच भाग खाऊन टाकते, हे खरे. परंतु त्याच घर्षणामुळे हात सोडल्यावरही मळसूत्र उलट फिरत नाही.

आता खरी अडचण पुढे येते. नटाचे आटे भोकाच्या आत असतात. तेथे करवत शिरत नाही व पटाशी वळत नाही. यावर हेरॉनने सांगितलेला उपाय असा : एका लाकडाच्या अर्ध्या भागावर त्याच चढाचे आटे पाडावे. उरलेला अर्धा भाग नटाच्या भोकात नेमका बसेल एवढा गोल व गुळगुळीत करावा आणि त्यात लोखंडी पाते बसवावे. आट्यांच्या खाचेत खुंट्या अडकवून ठेवल्या, की लाकूड फिरविताच ते आपल्याच आट्यांच्या चढाने पुढे सरकते आणि पाते भोकाच्या आत तसाच आटा कोरीत जाते. एका खेपेस फार थोडे लाकूड निघते. मग पाचर ठोकून पाते किंचित बाहेर काढावयाचे आणि पुन्हा फिरवावयाचे. येथे घाई उपयोगी नाही; कारण पाते अधिक बाहेर काढले, तर लाकूड फाटते. शिवाय मूळ आट्यात चूक असेल, तर तीही नटात जशीच्या तशी उतरते. हत्यार आपल्या कर्त्याची काळजी आणि त्याचा निष्काळजीपणा, दोन्ही सारख्याच इमानाने पुढे पोहोचविते.

या मळसूत्राचा प्रवास तेलाच्या घाण्यापाशी थांबला नाही. 1450 च्या सुमारास जर्मनीतील माइन्झ शहरी गुटेनबर्गने पुस्तके छापली, तेव्हा कागदावर दाब देण्यासाठी मळसूत्राचाच उपयोग केला. पुढे 1556 मध्ये भारतातील पहिला छापखाना गोव्यात सुरू झाला. फळांतून तेल काढणारी युक्ती अशा रीतीने अक्षरांच्या कामी आली.

आजही हाताने मोठी लाकडी मळसूत्रे करणारे हौशी कारागीर आहेत. आटे पाडण्याचे हत्यार ते बहुधा स्वतःच घडवितात आणि पात्याखाली कागदाच्या चकत्या सरकवून ते केसभर वर उचलतात. साधने बदलली, तरी रीत तीच राहिली आहे. एक त्रिकोण, एक पाते आणि पुष्कळसा धीर, एवढ्या भांडवलावर माणसाने ते हत्यार निर्माण केले. हवे ते हत्यार पेटीत नाही, म्हणून खरा कारागीर काम टाकून उठत नाही. तो आधी हत्यार घडवावयास बसतो.