घाटाखाली आलेले मीठ

खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेल्या कॅमेऱ्याला गंज आणि सुटलेले चामडे यांचा मिळून एक कोंदट वास येतो, आणि समुद्रापासून दूर असलेल्या मुरबाड-शहापुरातही तो अलीकडे नव्याने येऊ लागला आहे, कारण लग्न ठरले की ‘प्री-वेडिंग’च्या छायाचित्रांसाठी इकडची जोडपी अलिबागचा किनारा गाठतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले तरी ते कॅमेऱ्याच्या आतच राहतात, आणि त्यांतले मॅग्नेशियम क्लोराईड आर्द्रताशोषक, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारे, असल्याने माळशेजच्या पायथ्याशी पाऊस लागला की वाळलेले यंत्र आतून पुन्हा ओलावते. त्यात बॅटरी असेल, तर त्या खारट ओलाव्यातून वीज वाहून तांब्याच्या बारीक वाटा झिजतात. या क्रियेला विद्युत-अपघटन म्हणतात.

प्रस्तुत लेखकाच्या काकांचा याशिका बॅटरीवर चालणारा नव्हता, तरीही तो वाचला नाही. लाटेत भिजलेला तो कॅमेरा घरी आणून कणगीतल्या भातात पुरला गेला आणि पावसाळा सरेपर्यंत त्याच्या पितळी स्क्रूंभोवती हिरवट थर चढून भिंगामागची पोलादी पाती एकमेकींना चिकटली, शिवाय फटींत कोंडा शिरला तो वेगळाच. भात ओल शोषतो, मीठ नव्हे. हा उपाय आजही मोबाईलसाठी छातीठोकपणे सांगितला जातो, याचा प्रस्तुत लेखकाला मनस्वी राग आहे.

फ्रँक हर्ली या छायाचित्रकाराने १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात बर्फात चिरडल्या गेलेल्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजातल्या गोठत्या पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. त्या टिकल्या, कारण त्यांच्या पत्र्याच्या डब्यांना डाख देऊन ते बंद केलेले होते. काकांच्या पिशवीला साधी चेनही धड नव्हती.

खरा इलाज पाण्याचाच आहे. बॅटरी काढावी, यंत्र सुरू करून पाहू नये, मीठ वाळण्याआधीच ते गोड्या पाण्यात बुडवावे, पाणी पुनःपुन्हा बदलावे, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे वाफेपासून मिळवलेल्या क्षारहीन पाण्याने, धुऊन ते लगेच कारागिराकडे उघडायला द्यावे. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ पासून मुंबईला गोडे पाणी देते आणि भातसाचेही पाणी तिकडेच जाते, पण ऐन लग्नसराईत, एप्रिल-मे महिन्यांत, याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर टँकर येतो, आणि तिथल्या छायाचित्रकाराला कॅमेरा धुवायला लागणाऱ्या बादल्या घरच्या हंड्यांतूनच मागून घ्याव्या लागतात.