भिशीच्या पैशांतला फोन

आमच्या घरात फोनची एक वहिवाट ठरून गेलेली आहे. नवा फोन येतो तो ह्यांच्यासाठी. ह्यांचा उतरलेला माझ्याकडे येतो आणि माझा त्याहून जुना सासूबाईंकडे, भजनं ऐकायला. लेक आठवीत गेली तेव्हा तिचा नंबर मध्येच लागला आणि मी आणखी एक पायरी खाली सरकले. ह्यात कुणी माझ्यावर मुद्दाम अन्याय केला असं मुळीच नाही. सगळ्यांना वाढून झालं की उरेल ते आपल्या पानात घ्यायची बायकांना सवय असते ना, तसंच हे. पण लग्नाला पंधरा वर्षं होत आली, नव्या फोनच्या खोक्यावरचं वेष्टण मी एकदाही स्वतःच्या हातानं सोललेलं नव्हतं.

२०२५ च्या दिवाळीआधी माझी भिशी लागली. सोळाजणींची, महिना पाच हजारांची. खासगी शाळेत अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईला दरमहा पाच हजार बाजूला काढणं म्हणजे काय, हे मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. हातात एकदम ऐंशी हजार आले आणि मी जेवताना जाहीर केलं, "मला फोन घ्यायचाय. चांगल्यातला."

"अगं, पंधरा हजारांत उत्तम मिळतो," हे म्हणाले. "तुला काय, व्हॉट्सॲप आणि शाळेचा ग्रुप!"

खरं तर पहाटे साडेपाचच्या गजरापासून गॅसचा नंबर लावणं, दूधवाल्याचे पैसे, सासूबाईंच्या रक्ताचे रिपोर्ट, शाळेची हजेरी, मुलांचे गुण, रात्री दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी हे सगळं ज्याच्यावर चालतं, तो घरातला सर्वांत दमलेला फोन असतो. मी हे बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "घेऊ दे की तिला. स्कूटरसाठी माझ्या पाटल्या मोडल्या, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?" त्यानंतर बराच वेळ कुणी आमटीसुद्धा मागितली नाही.

मग मी ठरवलं, घ्यायचाच तर साडी घेतो तसा घ्यायचा. पदर बघायचा, काठ बघायचे आणि उलटी करूनही बघायची. तीन शनिवार शाळा सुटल्यावर मी सांगलीतली दुकानं पालथी घातली. रूप, टिकाऊपणा आणि पडदा, तीनच गोष्टी बघायच्या. कॅमेऱ्याच्या वाटेला गेलेच नाही, ह्या किमतीत सगळ्यांचेच कॅमेरे माझ्या गरजेपेक्षा चांगले आहेत.

दुकानातला मुलगा आधी सर्वांत महागडा दाखवतो, हे अगदी शालूच्या दुकानासारखंच. त्यानं पुढं केला सॅमसंगचा एस २५ अल्ट्रा. जानेवारी २०२५ मध्ये हा आला तेव्हा किंमत १,२९,९९९ रुपये, पडदा ६.९ इंची, वजन २१८ ग्रॅम. "मॅडम, टायटॅनियम आहे," तो अशा आवाजात म्हणाला की जणू सोनंच. ह्या टायटॅनियमची गंमत ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलनं आयफोन १५ प्रोला पोलादाऐवजी टायटॅनियमची चौकट बसवली. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं आपल्या एस २४ अल्ट्राला तीच बसवली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलचा आयफोन १७ प्रो आला तो चक्क ॲल्युमिनियमचा! म्हणजे आपल्या भाषेत जर्मनचा. कारणही आपल्याला कळण्यासारखं आहे. टायटॅनियम मजबूत खरं, पण त्यातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आणि आतली चिप तर तापणार. जर्मनचं पातेलं कसं चटकन तापतं आणि चटकन निवतं, तसं. आपण नाही का तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून स्टील आणलं, आणि आता तेच तांब्याचे तांबे दामदुप्पट देऊन परत घेतोय! तेव्हा धातूच्या नावावर भुलायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

मला खरी अडचण होती ती आकाराची. पाव किलोच्या आसपासचा हा ऐवज एका हातात धरला की माझा अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा म्हटलं तर तिथं भाजीची पिशवी. पुरुषांना खिसा असतो. साडीला नाही, पंजाबी ड्रेसला असला तर नशीब. २०२१ साली ॲपलनं १३ मिनी काढला होता, ५.४ इंची आणि जेमतेम १४१ ग्रॅमचा. त्यानंतर मिनी काढणंच त्यांनी बंद केलं. आता 'लहान' म्हणून जे मिळतात ते ६.२ ते ६.३ इंची. त्यातल्या तीनांवर मी माझी नजर ठेवली. सॅमसंगचा एस २५, वजन १६२ ग्रॅम. ॲपलचा आयफोन १७, वजन १७७ ग्रॅम. गुगलचा पिक्सेल १०, वजन २०४ ग्रॅम. आकडे वाचताना फरक क्षुल्लक वाटतो. झोपताना आडवं पडून चाळीस मुलांचे गुण भरायला लागा, मग मनगटच सांगतं.

रूपाची एक परीक्षा मी दुकानातच घेतली, तो मुलगा बघतच राहिला. फोन काउंटरवर आडवा ठेवला आणि एका बोटानं कोपऱ्यावर टिचकी मारली. कणीक मळताना आपण असाच वापरतो ना, ओट्यावर ठेवून, एका स्वच्छ बोटानं! एस २५ आणि आयफोन दोघंही डुगडुगले, कारण कॅमेऱ्याचा उंचवटा एका कोपऱ्यात. पिक्सेलचा उंचवटा आडव्या पट्टीसारखा जवळजवळ ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आहे, तो कसा पाटावर बसल्यासारखा स्थिर राहिला. ज्यानं तो आखला त्याच्या घरी ओटा आहे की नाही कुणास ठाऊक, पण पिक्सेलला त्याचे पूर्ण गुण दिले.

टिकाऊपणा म्हणजे मुख्यतः काच. हे सगळे फोन पुढून काच आणि मागूनही काच. ही काच बळकट कशी करतात हे मला वाचायला फार आवडलं, कारण ती चक्क मिठात मुरवतात! सुमारे ४०० अंश सेल्सियसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात काच बुडवून ठेवायची. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे बारके कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. तिघांच्या बाकावर चौथी बाई बसली की सगळ्याजणी कशा घट्ट दाबून बसतात, तसा काचेचा वरचा थर दाबला जातो, आणि सहजी तडकत नाही. तरी ती काचच. शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर पडली तर तिचं काय होईल ह्याची हमी कुणीच देत नाही, आणि पडदा बदलायचा खर्च पाच आकडी.

आणखी एक. पर्समध्ये किल्ल्यांनी फोनवर ओरखडे पडतात असं आपण समजतो. खरा शत्रू असतो वाळूचा कण. कठीणपणाच्या मोजपट्टीवर वाळूतली गारगोटी सातव्या पायरीवर आणि काच त्याच्या खाली. किल्लीचं पितळ तर फारच खाली. गणपतीपुळ्याहून आल्यावर पर्स झटकायची ती ह्यासाठी. ॲपल म्हणतं, आयफोन १७ च्या काचेला आधीच्यापेक्षा तिप्पट कमी ओरखडे पडतात. तिप्पट आहे की दुप्पट ते मी घरी मोजणार नाही, पण ह्या बाबतीत तो मला उजवा वाटला.

पाण्याचं म्हणाल तर तिघांवरही 'आयपी ६८' लिहिलेलं असतं. सहाचा अर्थ धूळ आत जात नाही, आठचा अर्थ पाण्यात बुडाला तरी काही वेळ तग धरतो. सॅमसंग दीड मीटर खोलीचं सांगतं, ॲपल सहा मीटरचं, अर्धा तास. मात्र ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्यातली. भांड्यांच्या साबणाची नाही, समुद्राची नाही, उकळत्या आमटीची तर नाहीच. शिवाय हा गुण वापराबरोबर झिजत जातो, आणि पाणी शिरून बिघडला तर साध्या वॉरंटीत बसत नाही. जाहिरातीत फोन तलावात टाकतात, तो आपला नसतो.

मधेच त्या मुलानं घडीचा फोन उघडून दाखवला, झेड फोल्ड ७. उघडला की वहीएवढा, सुंदरच. पण त्याच्यावर 'आयपी ४८' होतं, म्हणजे धुळीचा आकडा सहा नव्हे, चार. आणि घडी म्हटलं की मला पैठणीच आठवते. तिची घडीसुद्धा अधूनमधून मोडून बदलावी लागते, नाहीतर घडीवरच ती विरते. ह्याची घडी तर कायम एकाच जागी. पावणेदोन लाख देऊन ती काळजी मला नको.

पडद्याची परीक्षा दुकानाच्या झगमगाटात घ्यायची नसते. मी तिन्ही फोन घेऊन पायरीवर उन्हात गेले. तो मुलगा पाठोपाठ आलाच, मी पळून जाईन की काय म्हणून! उजेड 'निट'मध्ये मोजतात. आयफोन १७ उन्हात ३,००० निटपर्यंत जातो, पिक्सेल १० तेवढाच, एस २५ चा आकडा २,६००. हे आकडे भर उन्हातले, एरवी कुठलाच फोन तेवढा जळत नाही. पण शाळेच्या मैदानावर दुपारी बारा वाजता पालकांचा नंबर शोधताना मला नुसता उजेड नको असतो, काचेत माझाच चेहरा दिसायला नको असतो. प्रतिबिंब मारणारा थर आयफोन १७ च्या काचेवर आहे. अल्ट्राच्या काचेवर तो फारच छान आहे, हे कबूल केलं पाहिजे. साध्या एस २५ वर मात्र मला माझं कुंकू स्पष्ट दिसलं. आणि रात्री उलटं लागतं. लेक शेजारी झोपलेली असते, तेव्हा पडदा किती मंद होतो ते महत्त्वाचं. आयफोन एका निटपर्यंत उतरतो.

निर्णय शेवटी केला तो माझ्या अंगठ्यानं. भांडी, लसूण, विळी ह्यांनी माझ्या बोटांवरच्या रेषा इतक्या पुसल्यात की बँकेत आधारचा ठसासुद्धा तीनदा घ्यावा लागतो. एस २५ पडद्याखालून ठसा वाचतो, ओल्या बोटाचाही बराचसा वाचतो. माझा चारदा वाचला नाही. आयफोन चेहरा बघून उघडतो, हात कणकेत असले तरी. आणखी सात वर्षं नवी प्रणाली देण्याचं वचन सॅमसंग आणि गुगल देतात. ॲपल असा आकडा छापत नाही, पण २०१८ सालच्या आयफोनला २०२४ ची प्रणाली मिळाली होती, तेवढं मला पुरलं.

आयफोन १७ ची किंमत ८२,९००. वरचे २,९०० मी तूरडाळीच्या डब्यातून काढले. हप्ता नाही, उसनं नाही. रंग पिस्त्यासारखा.

"मॅडम, वरून टेम्पर्ड काच लावून देतो, फुकट," दुकानातला मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. प्रतिबिंब मारणारा थर बाहेरच्या अंगाला असतो, त्यावर चकचकीत काच चिकटवली तर त्याचा उपयोग काय? "सगळेच लावतात, मॅडम." हे पण घरी तेच म्हणाले, आणि अजून अधूनमधून म्हणतात. काच मी लावलेली नाही. कव्हर मात्र घेतलंय, रंग दिसावा म्हणून पारदर्शक. हळदीच्या बोटांनी ते आठ दिवसांत पिवळं पडलं, आता काळं आणणार आहे.