कंडेन्सर आणि जुनी वही

सांगलीत हळदीची अडत करणाऱ्या घराण्यातल्या धाकट्या मुलाने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढायचे ठरविले, तेव्हा वडिलांना ते फारसे रुचले नव्हते. ज्या धंद्यात मालाची पोती दिसत नाहीत, त्यात नफा कोणता आणि तोटा कोणता हे कळावे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. तरीही त्यांनी संमती दिली आणि एकच गोष्ट बजावली. दुकान उघडले की पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी पारडी रिकामी ठेवून काटा पाहायचा. रेडिओच्या दुकानात तराजू नव्हता. पण तात्यांनी ती आज्ञा आपल्या कंडेन्सर तपासणाऱ्या यंत्राला लावली आणि दुकान चालले तोवर, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, एक दिवसही न चुकता पाळली.

ते यंत्र अमेरिकन बनावटीचे होते. जुन्या सामानाच्या लिलावात ते तात्यांना मिळाले. पुढच्या बाजूला मोठी तबकडी, खाली दोन टोके आणि वर हिरवा ‘मॅजिक आय’. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ असलेल्या पिढीला तो हिरवा डोळा आठवत असेल. स्टेशन नीट लागले की त्याची सावली आक्रसत असे. या यंत्रात त्याचे काम निराळे होते. संशयित कंडेन्सर त्या दोन टोकांना जोडायचा, तबकडीवरून त्याला झेपेल तेवढा दाब द्यायचा आणि डोळ्याकडे पाहायचे. डोळा उघडा राहिला तर कंडेन्सर चांगला, मिटला तर गळका. गळका निघालेला कंडेन्सर तात्या काढून टाकीत, नवा बसवीत, आणि त्याची किंमत व मजुरी वहीत लिहीत.

कंडेन्सर ही वस्तू कल्पनेने अगदी साधी आहे. धातूचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीज जाऊ न देणारा पडदा, एवढेच. तो विजेचा साठा करतो, बदलत्या प्रवाहाला वाट देतो आणि एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला अडवून धरतो. त्याचे सारे गुण त्या पडद्यात, आणि सारे दोषही तेथेच. जुन्या यंत्रांत हा पडदा बहुधा मेणात किंवा तेलात बुडविलेल्या कागदाचा असे. वेष्टनाला बारीक तडे गेले की हवेतील ओल आत शिरते आणि जेथून काहीच जाऊ नये तेथून वीज झिरपू लागते. दुसरा प्रकार इलेक्ट्रोलिटिक. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चढविलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर हाच पडदा असतो आणि भोवती क्षारयुक्त द्रवाने भिजलेला कागद असतो. हा द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, आणि उष्णता जितकी अधिक तितका लवकर. तापमान दहा अंशांनी वाढले तर आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले तर तो ऑक्साइडचा थरही दुबळा होतो. म्हणूनच वापरले तर झिजणारे आणि न वापरले तरी बिघडणारे असे हे अवयव आहेत.

दुकान बंद झाले तेव्हा यंत्र घराच्या माडीवर गेले. पुढे बारा वर्षांनी, इन्स्ट्रुमेंटेशन शिकणारा नातू भाद्रपदात सुट्टीवर आला आणि त्याने ते खाली आणले. तात्यांनी त्याला लगेच प्लग लावू दिला नाही. मागची पाटी काढली, तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला कोळ्याचे जाळे आणि कुंभारणीचे मातीचे घर दिसले. कोळी मऊ कुंचल्याने कागदावर घेऊन परसात सोडला. मातीच्या घरात जीव आहे की नाही याची खात्री होईना, म्हणून काम थांबले. नातवाला हा वेळेचा अपव्यय वाटला. चौथ्या दिवशी त्या घराला भोक पडलेले दिसले आणि कुंभारीण निघून गेली, तेव्हा तो काही बोलला नाही.

मग सिरीज लॅम्प लावून यंत्राला वीज दिली. मालिकेत जोडलेला दिवा प्रवाहाला आवर घालतो. आत काही शॉर्ट असेल तर दिवा पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला, काही वेळाने हिरवा डोळा उघडला आणि तात्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. टोके रिकामी ठेवून त्यांनी काटा पाहिला. यंत्र सच्चे होते.

दुपारी तात्या सामायिकाला बसले असताना नातवाने बाजारातून आणलेले नवे कंडेन्सर तपासायला घेतले. पहिला गळका निघाला. दुसराही तसाच. पाचही नवे कंडेन्सर वाईट कसे असतील, म्हणून त्याने टोके मोकळी सोडली. डोळा तरीही अर्धा मिटलेलाच होता.

“आजोबा, सकाळी हे बरोबर होते. आता रिकामे असतानाही गळती दाखवते आहे,” तो म्हणाला.

तात्यांना कारण कळायला फार वेळ लागला नाही. यंत्राच्या आतलाच एक कागदी कंडेन्सर गळका झाला होता. थंड असताना ही गळती नगण्य असते. व्हॉल्व्हच्या उष्णतेने दोन-तीन तासांत आतला भाग तापला की ती वाढते आणि डोळ्याच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. तात्या रिकामे पारडे पाहत ते सकाळी, यंत्र थंड असताना. गिऱ्हाइकांची कामे मात्र दुपारी होत.

हा दोष कधीपासूनचा? गेल्या बारा वर्षांतला असेल तर चिंता नव्हती. पण तसे नसेल तर कित्येक गिऱ्हाइकांचे चांगले कंडेन्सर वाईट ठरवून त्यांच्याकडून पैसे घेतले गेले होते. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे खोटी वजने व मापे वापरणे, हा अडतीच्या दुकानात लहानपणीच पाठ झालेला शब्द होता. तो रेडिओच्या दुकानात आपल्याला गाठील असे तात्यांना कधी वाटले नव्हते.

आधी यंत्र दुरुस्त करणे भाग होते. दुरुस्तीच्या पहिल्याच पायरीला जिवाचा धोका असतो. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्टचा साठा राहू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची सवय अनेक कारागिरांना असते. तात्यांना ती कधीच मान्य नव्हती. त्यांनी दहा हजार ओहमचा रेझिस्टर लावून तो सावकाश उतरविला आणि मीटरवर शून्य पाहिले. मगच नातवाला हात घालू दिला.

नातवाचे म्हणणे असे, की सगळेच कंडेन्सर एकदम बदलावेत. तात्यांना हे पटले नाही. कागदी कंडेन्सर सरसकट बदलणे योग्य, कारण ते आज बरे असले तरी उद्या गळणारच. पण अभ्रकाचे कंडेन्सर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि या यंत्रात तर तेच प्रमाण होते. तबकडीवरचे आकडे त्यांच्याशी जुळवून छापलेले असतात. ते बदलणे म्हणजे वजन खरे की खोटे हे न पाहता निरीक्षकाचा शिक्काच पुसून टाकणे. म्हणून अभ्रकाला हात लावला नाही. कागदी सारे काढले. त्यांच्या जागी तेवढ्याच मूल्याचे, पण 400 ऐवजी 630 व्होल्ट सोसणारे पॉलिप्रॉपिलीनचे बसविले. इलेक्ट्रोलिटिक 40 मायक्रोफॅरडचा होता, आता 47 चा मिळतो. एवढा फरक तेथे चालतो. त्याची धन आणि ऋण टोके मात्र तात्यांनी दोनदा पाहिली, कारण उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक तापून फुटतो.

एक इलेक्ट्रोलिटिक परत करावा लागला. 450 व्होल्टचे छापील वेष्टन नखाने सरकताच खाली दुसरे, कमी व्होल्टचे वेष्टन दिसले. त्याच पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे, असे तात्या नातवाला म्हणाले. आपल्या मापाचा निकाल अजून लागायचा होता, म्हणून विक्रेत्याविषयी ते अधिक बोलले नाहीत.

या कामाची एक जुनी हकीकत नातवाला ठाऊक होती, ती त्याने सांगितली. अमेरिकेतल्या ओरेगनमधली टेक्ट्रॉनिक्स कंपनी आपल्या व्हॉल्व्हच्या ऑसिलोस्कोपमध्ये चिनी मातीच्या पट्ट्यांवर जोडणी करी. साध्या डाखाने त्या पट्ट्यांवरचा चांदीचा थर विरघळून निघून येई. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यासाठी चांदीमिश्रित डाखाचे लहानसे रीळ यंत्राच्या आतच ठेवलेले असे. ज्याला कधी पाहिले नाही अशा कारागिराची ही काळजी तात्यांना फार आवडली.

यंत्र चार तास चालू ठेवले. रिकाम्या टोकांवर डोळा पूर्ण उघडा राहिला.

त्यानंतर तात्यांनी माडीवरून पत्र्याचा डबा आणला. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा असा त्यांचा रिवाज होता. जे कोणी नेत नसत, ते कामाचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह डब्यात पडत. त्यांतल्या कागदी कंडेन्सरांवरून काहीच सिद्ध होणार नव्हते. ते आज गळके असले तरी तेव्हा कसे होते, हे कोण सांगणार? पण पॉलिस्टरचे एकोणीस होते. पॉलिस्टर सहसा बिघडत नाही, आणि बिघडला तर आपोआप बरा होत नाही. आज चांगला ठरेल तो तेव्हाही चांगलाच होता. तपासणीत अकरा चांगले निघाले.

वहीत त्या अकरांची नावे होती. दुकानाच्या शेवटच्या सहा वर्षांतली. कोणाचे अठरा रुपये, कोणाचे पंचवीस.

थोरले बंधू आण्णा म्हणाले, “एवढ्याशा रकमेसाठी दारोदार फिरतोस कशाला? मंदिरात गुप्तदान करून टाक.” तात्यांचे उत्तर होते, “ज्याचे आहे त्याला विचारल्याशिवाय मी दान कसे करू?” मग आण्णांनीच चष्मा लावला आणि व्याज काढून दिले. अडत्याच्या हिशेबात पैसाही इकडचा तिकडे होत नाही.

दशलक्षण पर्व संपले. क्षमावणीच्या दिवशी आप्तेष्टांकडे जाण्याआधी तात्या नातवाच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. सात जण सापडले. एकाने पैसे हसून खिशात घातले, तर एकाने मुळीच घेतले नाहीत. मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिकेने पाकीट घेतले, मोजले आणि विचारले, “त्या वेळी दुरुस्त होऊनही रेडिओ पुन्हा महिन्याने बंद पडला होता. तो याच्यामुळेच का?” खरा दोष त्या कंडेन्सरात नव्हताच, म्हणजे तो शोधलाही गेला नव्हता. तात्यांनी होय म्हटले. त्यांनी रेडिओ अजून आहे का असे विचारले, तेव्हा बाईंनी तो फळीवरून काढून दिला. सध्या तो तात्यांच्या टेबलावर उघडून ठेवलेला आहे.

चार पाकिटे डब्यात आहेत. दोघांचे पत्ते बदलले आहेत, एकाचा मुलगा पुण्यात असल्याचे कळते, आणि चौथे नाव वहीला वाळवी लागल्याने अर्धेच वाचता येते.