पाढ्यांची चाल

दिवेलागणीला शुभंकरोती झाली की परवचा सुरू व्हायची. मांडी घालून बसलेली पोरं डुलत डुलत एका सुरात म्हणायची, ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा...’ चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आजीला अक्षरओळख नसे, पण कुणी अडखळलं की आतून हाक यायची, “काय रे, सात आठे किती? पुन्हा म्हण!” वहीत न पाहता तिला चूक कळायची, कारण पाढा तिच्या कानात होता.

पाढा मुलाला आधी चालीत भेटतो, अर्थ मागून येतो. ‘पंधरा साते पाचोत्तरसे, पंधरा आठे विसासे’ म्हणताना एकशेपाच म्हणजे किती हे कळायच्या आतच ते जिभेवर बसतं. जुन्या उजळणीत तिसापर्यंतच्या पाढ्यांपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकीसुद्धा असे. रुपयाचे सोळा आणे आणि मापात पावशेर-अडीचशेर, असा तो व्यवहार होता. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि औटकीचं बाजारातलं काम संपलं.

पण नुसत्या चालीची एक अडचण आहे. अचानक ‘सात आठे?’ विचारलं की मूल ‘सात एके’पासून म्हणत म्हणत वर येतं. तिथे चिंचोके कामाला येतात. पाटावर चार-चार चिंचोक्यांच्या सहा ओळी मांडाव्यात आणि पाट आडवा फिरवावा. आता सहा-सहाच्या चार ओळी दिसतात, चिंचोके तेवढेच! सहा चोक आणि चार सक एकच आहेत, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि पाठांतराचं ओझं जवळजवळ निम्मं होतं.

एकाचा नि दहाचा पाढा फुकटात येतो. बे आणि पाच लवकर जमतात. नवाला दोन हात पुरतात: नऊ चोकसाठी डावीकडून चौथं बोट मिटा, त्याच्या अलीकडे तीन बोटं, पलीकडे सहा, म्हणजे छत्तीस. मग दहापर्यंतच्या पाढ्यांत उरतात तीन, चार, सहा, सात आणि आठ यांचे आपसातले गुणाकार. मोजून पहा, ते फक्त 15 आहेत.

एवढ्यासाठी मुलाला दहा-दहा वेळा लिहायची शिक्षा कशाला? भीतीने पाठ केलेला पाढा परीक्षेच्या बाकावर हमखास दगा देतो. जिना उतरताना, शेंगा सोलताना, एसटीच्या खिडकीशी बसून म्हटलेला पाढा टिकतो. तेव्हा आज संध्याकाळी मुलाची परीक्षा घेण्याआधी त्याच्याबरोबर एक पाढा मोठ्याने म्हणा. सतराचा घ्या, उजळणी दोघांचीही होईल.