इकारिया : चढणीवरचे उतारवय

एजियन समुद्राच्या पूर्व भागात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याकडे झुकलेले इकारिया हे ग्रीसचे एक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २५५ चौरस किलोमीटर आणि वस्ती साधारण साडेआठ हजार. ग्रीसच्या सहलीच्या जाहिरातींत दिसणारी शुभ्र घरे आणि निळे घुमट येथे फारसे आढळत नाहीत. आथेरास नावाची डोंगररांग बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली आहे. तिची उंची एक हजार मीटरच्या थोडी वर जाते आणि समुद्रातून ती जवळजवळ सरळ उभी राहते. त्यामुळे सपाट जमीन शोधावी लागते. घर, शेत, देऊळ, दुकान यांपैकी कोठेही जायचे झाले तरी चढावे लागते किंवा उतरावे लागते.

बेटाचे नाव ग्रीक पुराणकथेतील इकारसवरून पडले आहे. देदालस या कारागिराने स्वतःसाठी आणि मुलासाठी पिसे व मेण यांचे पंख केले. ‘फार खाली उडू नकोस, फार वरही जाऊ नकोस, मधला मार्ग धर,’ असे बापाने मुलाला बजावले. तरुण इकारस उत्साहाच्या भरात सूर्याजवळ गेला, मेण वितळले आणि तो ज्या समुद्रात कोसळला त्याच्या काठी हे बेट आहे. ज्या बेटाला अकाली गेलेल्या तरुणाचे नाव मिळाले, तेच आज दीर्घायुषी वृद्धांसाठी ओळखले जाते, हा योगायोग चमत्कारिक खरा.

अमेरिकन लेखक डॅन ब्युटनर यांनी दीर्घायुष्यासाठी जगातील जे पाच प्रदेश प्रसिद्धीला आणले, त्यांत जपानचे ओकिनावा, इटलीचे सार्डिनिया, कोस्टा रिकातील निकोया आणि कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा यांच्याबरोबर इकारियाचा समावेश आहे. ऐंशी-नव्वदीतील रुग्ण रोज तपासणाऱ्या डॉक्टरला अशा ठिकाणाचे कुतूहल असणे स्वाभाविक आहे. मे महिन्यात पत्नीसह आठ दिवस तेथे राहण्याचा योग आला, तेव्हा मनात प्रश्न एकच होता : या लोकांच्या ताटात असे काय आहे? परतताना जाणवले, की ताटाचा वाटा आहेच. पण खरे उत्तर ताटाबाहेर अधिक आहे.

समुद्र, किनारे आणि उष्ण झरे

अथेन्सहून इकारियाला छोटे विमान तासाभरात पोचवते. पिरेयस बंदरातून बोटीने गेल्यास सात-आठ तास लागू शकतात. दक्षिण किनाऱ्यावरचे आयिओस किरिकोस हे मुख्य गाव आणि उत्तरेकडचे एवदिलोस हे दुसरे बंदर. दोन्हींना जोडणारा रस्ता डोंगर ओलांडून वळणावळणाने जातो. प्रवासात मळमळण्याचा त्रास ज्यांना होतो, त्यांनी पुढच्या आसनावर बसावे आणि पोट फार भरलेले ठेवू नये.

किनाऱ्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. उत्तरेस आर्मेनिस्तिस गावाजवळ मेसाक्ती आणि लिवादी हे वाळूचे लांब किनारे आहेत. वाळूवर चालणे सोपे असले, तरी या बाजूला लाटा जोरदार असतात. उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटला की पोहणाऱ्यांनीही जपून राहावे. दक्षिणेस मागानितिस गावाजवळ पांढऱ्या गोट्यांचा आणि निळ्या-हिरव्या पाण्याचा ‘सेशेल्स’ नावाचा किनारा आहे. तो अतिशय देखणा आहे. पण तेथे खडकांवरून उतरावे लागते, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो वरूनच पाहावा. पश्चिमेकडच्या नास येथे डोंगरातून आलेला ओढा समुद्राला मिळतो. त्याच्या मुखाशी आर्टेमिस देवीच्या प्राचीन मंदिराचे अवशेष आहेत. संध्याकाळी वरच्या खानावळीच्या ओट्यावर बसून सूर्यास्त पाहणे हा वयस्कर प्रवाशांसाठी सर्वांत सुखाचा कार्यक्रम.

आयिओस किरिकोसजवळ थेर्मा हे उष्ण झऱ्यांचे गाव आहे. प्राचीन काळापासून लोक येथे सांधेदुखीवर उपाय म्हणून स्नानाला येतात. एक झरा गुहेत आहे. लेफ्कादा येथे तर गरम पाणी थेट समुद्रात येते, आणि दगडांचे कडे करून त्यात बसतात. उष्ण पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांना काही काळ आराम मिळतो, हे खरे. मात्र येथील काही झऱ्यांत रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे. तो औषधी असल्याचे परंपरेने सांगितले जाते. दीर्घकाळ श्वासावाटे आत गेलेला रेडॉन फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक कारण आहे, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. एखाद्या स्नानाने घाबरण्याचे कारण नाही. पण त्यामागे लागण्याचेही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचा विकार असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच उतरावे. दहा मिनिटे पुरेत, उठताना सावकाश उठावे आणि सोबत कोणीतरी असावे.

रात्री उघडणारे गाव

इकारियाची जुनी घरे समुद्रावरून सहसा दिसत नाहीत. शतकानुशतके चाच्यांचे भय असल्यामुळे लोक डोंगरात, मोठमोठ्या शिळांच्या आडोशाला राहिले. दगडी छपराची ठेंगणी घरे, धूर दिसू नये अशी रचना, आणि एकमेकांपासून अंतर राखून विखुरलेली वस्ती हे सारे त्या काळाचे अवशेष आहेत.

डोंगरावरचे ख्रिस्तोस राखेस हे गाव आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. येथील दुकाने दिवसा बंद आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. दिवसा माणसे शेतात आणि दुपारी झोपेत. बाजारहाट, गप्पा, कॉफी हे सगळे अंधार पडल्यावर. रात्री दहा वाजता चौकात नातवंडे खेळत होती आणि त्यांच्याच शेजारच्या टेबलावर पणजोबा शोभतील असे गृहस्थ वाद घालत होते. आपल्याकडे दोन पिढ्या एका छताखाली असूनही वेगवेगळ्या खोल्यांत असतात. येथे चौक एकच होता.

या गावांनी गरिबीही पुष्कळ पाहिली आहे. पोट भरण्यासाठी असंख्य इकारियन अमेरिकेला गेले. पिट्सबर्ग येथे १९०३ साली त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही काम करते. १९१२ साली ऑटोमन सत्ता झुगारून बेट काही महिने स्वतंत्र राज्य म्हणून राहिले आणि मग ग्रीसमध्ये सामील झाले. ग्रीक यादवी युद्धाच्या काळात, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, दहा हजारांहून अधिक राजकीय कैद्यांना येथे हद्दपार करण्यात आले. थोर संगीतकार मिकिस थिओडोराकिस हे त्यांपैकीच एक. स्वतःलाच पुरेसे नसताना बेटावरच्या लोकांनी या अनोळखी माणसांशी घर आणि भाकरी वाटून घेतली. मुले परदेशी गेलेली असताना मागे उरलेले वृद्ध येथे एकाकी पडत नाहीत, याचे मूळ या वाटून घेण्याच्या सवयीत असावे, असे वाटते.

ताटात काय असते?

मराठी माणसाला या बेटावरचे जेवण परके वाटत नाही. चवळी, मसूर, हरभरे हे रोजचे. रानातून खुडून आणलेल्या पालेभाज्यांना ‘होर्ता’ म्हणतात. त्यांत आपल्या माठाची भावंडे असतात, घोळ असते, बडीशेपेचा कोवळा पाला असतो. भाजी उकडायची, वर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू पिळायचे, झाले. वांगी, बटाटे, ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो मंद आचेवर शिजवून ‘सुफिको’ करतात. शेळीच्या दुधाचे ‘काथुरा’ नावाचे मऊ चीज, दाट मध, आणि कधीतरी सणावाराला शेळीचे मांस. श्रद्धाळू मंडळी वर्षातील बऱ्याच दिवशी धार्मिक उपवास पाळतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असते.

यातले अनुकरणीय ते उघड आहे : कडधान्य, पालेभाजी, थोडे मांस, थोडी साखर. पण चार सूचना आवश्यक आहेत. पहिली, वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नये. दुसरी, रक्तदाब असणाऱ्यांनी चीज आणि खारवलेले ऑलिव्ह यांतील मीठ ध्यानात घ्यावे. तिसरी, रानातील वनस्पतींचे काढे येथे घरोघर पितात. सेज किंवा रोझमेरीचा कपभर चहा ठीक. परंतु पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीचे तेल यकृताला घातक आहे, म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. चौथी, येथील द्राक्षासवाची कीर्ती मोठी आहे. पण मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. आयुष्य वाढवण्यासाठी कोणीही प्यायला सुरुवात करू नये.

आकडे आणि त्यांपलीकडे

अथेन्स विद्यापीठाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २००९ साली या बेटावरील १,४२० जणांची पाहणी केली. त्यांतील ऐंशीच्या वरच्या १८७ व्यक्तींविषयी स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाला. रोजची शारीरिक हालचाल, साधा आहार, दुपारची झोप, माणसांत मिसळणे आणि नैराश्याचे अत्यल्प प्रमाण ही त्यांची ठळक वैशिष्ट्ये होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. संशोधक सॉल न्यूमन यांनी शंभरी ओलांडलेल्यांचे अनेक दावे अपुऱ्या जन्मनोंदींवर किंवा निवृत्तिवेतनाच्या घोळावर उभे असल्याचे दाखवले. त्या कामासाठी त्यांना २०२४ चा ईग नोबेल पुरस्कार मिळाला. तेव्हा कोण शंभर वर्षे जगला, हा वाद चालू राहू दे. कुटुंबाच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रश्न असा, की ऐंशीव्या वर्षी माणसाचा दिवस कसा जातो.

त्याचे उत्तर राखेसजवळच्या आमच्या मुक्कामाच्या घरी दिसले. घरमालकिणीच्या सासूबाई नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. सकाळी त्या काठी टेकत परसातल्या उतारावर जात, होर्ता खुडून आणत आणि ओट्यावर बसून निवडत. निवडायला तास लागे. सून स्वयंपाकघरात थांबून राही. ‘तुम्ही केलेत तर दहा मिनिटांत होईल,’ असे मी सहज म्हणालो. त्या हसून म्हणाल्या, ‘हो, पण मग त्या उद्या उठतील कशासाठी?’

वृद्धांना सांभाळणाऱ्या प्रत्येक घराने हा प्रश्न स्वतःला विचारावा. प्रेमापोटीच आपण त्यांच्या हातातली विळी काढून घेतो, ‘तुम्ही बसा’ म्हणतो, पाण्याचा पेला जागेवर आणून देतो. न वापरलेले स्नायू म्हातारपणी फार वेगाने झडतात. दहा दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीनेही पायांतली ताकद लक्षणीय घटते. आणि ‘माझ्यावाचून काही अडत नाही’ ही जाणीव मनाला त्याहून लवकर पोखरते. बेटावरच्या चढणी आपल्या सदनिकेत आणता येणार नाहीत. पण उठण्याचे कारण देता येते. देवपूजेची फुले, शेंगा सोलणे, दुधाचा हिशेब, नातवाची शाळेची बस, कुंड्यांचे पाणी यांपैकी एखादे काम पूर्णपणे त्यांचे असावे आणि ते त्यांच्या वेगाने व्हावे. तोल जात असेल तर काम बसून करता येईल असे निवडावे, न्हाणीघरात दांडा बसवावा, वाटेतल्या सतरंज्या काढाव्यात. स्मृतिभ्रंश असेल तर विळी-शेगडी टाळून घड्या घालणे, डाळ निवडणे अशी बिनधोक कामे द्यावीत. पडण्याचा धोका कमी करायचा तो सोयी वाढवून. माणसाला खुर्चीत खिळवून नव्हे.

ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे, त्यांनी मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा. पंधरा ऑगस्टच्या सुमारास ‘पानिगिरी’ या ग्रामोत्सवांचा रंग असतो, पण ऊन आणि गर्दीही असते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात आधीचे आजार धरले आहेत का, ते वाचून घ्यावे. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह ठेवावीत. आयिओस किरिकोसला रुग्णालय आहे; मुक्काम त्याच्या आवाक्यात असावा.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांचे फारसे काही हुकत नाही. घोळीची भाजी आपल्या मंडईत मिळते. ती निवडायला आजींना तास लागला, तर जेवण तासभर उशिरा होईल, इतकेच.