युबाची इशारा पातळी

लाँग वीकेण्ड, दोन गाड्या, टॉवेल, डबे... सगळं रेडी! पण मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डोहांवर डुंबायला जाणार असाल, तर सुट्ट्यांचं कॅलेंडर बाजूला ठेवा आणि आधी नदीचं बघा.

अमेरिकेत समर खऱ्या अर्थानं सुरू होतो तो मेमोरियल डेला, म्हणजे मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी, त्यामुळे सॅन होजे, फ्रीमॉण्ट, सनीव्हेलमधले आपले मराठी ग्रुप पंधरा दिवस आधीपासूनच कामाला लागतात. त्यात याच दिवसांत भारतातून आई-बाबा आलेले असतात. त्यांचं गोल्डन गेट बघून झालेलं असतं, आउटलेट मॉल तर दोनदा झालेला असतो. मग कुणीतरी ग्रुपवर एक फोटो टाकतं. गुळगुळीत पांढरे दगड, हिरवंगार काचेसारखं पाणी आणि त्यात बिनधास्त उड्या मारणारी पोरं. खाली नाव, साउथ युबा रिव्हर. दहा मिनिटांत सोळा अंगठे. प्लॅन फिक्स!

फोटो खराच असतो. फक्त तो ऑगस्टमधला असतो.

नावातच सगळं आहे

सॅन फ्रान्सिस्कोहून सॅक्रामेण्टोमार्गे ऑबर्न, तिथून हायवे ४९ पकडून ग्रास व्हॅली आणि मग नेव्हाडा सिटी. साधारण २४० किलोमीटरचा रस्ता. नाव नेव्हाडा असलं तरी हे गाव कॅलिफोर्नियातलंच, १८४९च्या सुमारास सोन्याच्या शोधात आलेल्यांनी वसवलेलं. गावाच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर हायवे ४९ साउथ युबा ओलांडतो. पुलाखाली उतरलात की दोन्ही बाजूंना दरी आणि मधोमध ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा. आपल्याकडे निघोजला कुकडी नदीनं बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरलेत, तसंच इथं युबानं ग्रॅनाइट घासूनपुसून चकाचक केलाय. नदीकाठच्या पायवाटेनं दोनेक किलोमीटर चाललं की हॉइट्स क्रॉसिंगचे डोह लागतात. वर पर्डन क्रॉसिंग, एडवर्ड्स क्रॉसिंग आणि खाली ब्रिजपोर्ट. माल्कॉफ डिगिन्सपासून ब्रिजपोर्टपर्यंतच्या सुमारे वीस मैलांच्या दरीत हे स्टेट पार्क पसरलंय आणि त्यात एकाहून एक सरस डोह आहेत.

आता नावाकडे या. स्पॅनिशमध्ये 'सिएरा नेव्हाडा' म्हणजे बर्फाच्छादित पर्वतरांग. सह्याद्रीत पाऊस पडतो आणि काही तासांत नदीला पाणी येतं. इथं हिशेब उधारीचा! हिवाळाभर पडलेलं बर्फ डोंगरावर साठून राहतं आणि एप्रिल, मे, जूनमध्ये ऊन वाढलं की वितळून खाली येतं. म्हणजे आपण चार महिने आधी पडलेल्या पाण्यात पोहायचा बेत करत असतो.

ही उधारी दर वर्षी वेगळी असते, आणि खरी गोम इथंच आहे. १ एप्रिलच्या सुमारास राज्यभरचं बर्फ मोजतात. २०१५ साली ते सरासरीच्या जेमतेम ५ टक्के निघालं होतं, तर २०२३ साली २३७ टक्के! त्यामुळे 'आम्ही मागच्या वर्षी याच वीकेण्डला गेलो होतो, मस्त पाणी होतं' या अनुभवाला इथं काडीची किंमत नाही. तारीख तीच असते, नदी वेगळी असते.

कोल्हापूरकराचा फंडा

नदीला पाणी किती, हे बघायला मात्र नदीवर जावं लागत नाही. साउथ युबावर जोन्स बार इथं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं, म्हणजे यूएसजीएसचं मोजणी केंद्र आहे. त्याचे ताजे आकडे घरबसल्या नेटवर दिसतात. आकडा असतो 'सीएफएस'मध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते. बिचकू नका, हाच तो आपला क्युसेक! जुलै २०२४ मध्ये पुण्यात एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून पस्तीस हजारांच्या घरात विसर्ग सुरू होता, तो याच मापात.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. उन्हाळा संपत येताना साउथ युबा पन्नासेक क्युसेकवर येते. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर भरायला तिला सात सेकंद लागतात. बर्फ वितळायच्या दिवसांत हाच आकडा हजारांत जातो. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ तीन टँकर, आणि तेही खडकांच्या चिंचोळ्या फटीतून. ऑगस्टच्या फोटोत ज्या शिळेवर पोरं बसलेली दिसतात, ती मे महिन्यात बहुधा पाण्याखाली असते.

आमच्या ग्रुपमधल्या कोल्हापूरकराला हे समजवायची गरज पडली नाही. पावसाळ्यात रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारूनच चहा घेणाऱ्या घरातला तो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. तो म्हणाला, "भावा, पाणी बघून ठरवायचं नसतंय. आकडा आधी ठरवायचा, पाणी मग बघायचं."

मग त्यानंच युबासाठी एक सोपा नियम काढला. चार आकडी असेल तर नदी फक्त बघायची, तीही लांबून. तीन आकडी असेल तर काठापासून दूर, सावलीत बसून डबा खायचा. दोन आकडी झाला आणि रोज उतरतोय असं दिसलं, तरच टॉवेल बाहेर. हा काही सरकारी नियम नाही. आकडा लहान झाला म्हणजे नदी सेफ झाली असंही नाही. पण ग्रुपला एक रेघ मिळाली, आणि ती घरी सोफ्यावर बसून आखलेली होती.

आणखी एक गोष्ट. या नदीच्या वरच्या अंगाला स्पॉल्डिंग धरण आहे. एरवी तिथून बरंच पाणी कालव्यांनी दुसरीकडे वळवलं जातं. धरण भरलं, की जादा पाणी थेट नदीत येतं. तेव्हा आजच्या आकड्याबरोबर गेल्या आठवड्याचा आलेखही बघा. चढता असेल तर विषय संपला. मे-जूनमध्ये हिमाचलला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. जून २०१४ मध्ये मंडीजवळ बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या एका कॉलेजचे २४ विद्यार्थी वरून सोडलेल्या धरणाच्या पाण्यात वाहून गेले. ते उतरले, तेव्हा पात्रात पाणी कमी होतं.

हवा उन्हाळी, पाणी हिवाळी

मे अखेर या भागात दुपारी पारा तिशी सहज गाठतो. अंगातून घाम निथळत असतो आणि समोर पाणी असतं कालपर्यंत बर्फ असलेलं. हीटेड पूलच्या २७-२८ अंशांची सवय झालेल्या शरीराला हा धक्का झेपत नाही. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक उडी मारली की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, त्यावर आपला कंट्रोल राहत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर आत जातं ते पाणीच. पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय बधिर व्हायला लागतात. कॉलेजच्या स्विमिंग टीममध्ये असलात तरी स्नायू त्यांचं सर्टिफिकेट बघत नाहीत.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हणही इथं विसरा. वितळत्या बर्फाची नदी खोलही असते आणि खळखळतेही. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा धक्का चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला आडवं करतं. पाय दोन दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. आणि पाण्यात पडलेली झाडं! फांद्यांच्या जाळीतून पाणी पार होतं, माणूस मात्र चहाच्या गाळणीतल्या पत्तीसारखा तिथंच अडकतो.

मोठ्या बर्फाच्या वर्षी हे सगळं जूनमध्ये संपत नाही. योसेमिटीत मर्सेड नदीवर ३१७ फुटांचा व्हर्नल धबधबा आहे. २०१०-११चा हिवाळा भरपूर बर्फाचा होता. जुलै २०११ मध्ये धबधब्याच्या माथ्यावर रेलिंग ओलांडून पाण्यापाशी गेलेले तिघे जण प्रवाहात ओढले गेले आणि कड्यावरून खाली गेले. तिघेही वाचले नाहीत. धोक्याची पाटी तिथं होतीच.

मग मे महिन्यात जायचंच नाही?

जायचं की! उलट हीच नदी बघायचे दिवस हेच. फक्त प्रोग्रॅम बदला. ब्रिजपोर्टला या. इथं १८६२ साली बांधलेला छपराचा लाकडी पूल आहे. दुरुस्तीसाठी अनेक वर्षं बंद असलेला हा पूल २०२१ मध्ये पुन्हा उघडला. आई-बाबांना तो नक्की आवडेल. जवळूनच बटरमिल्क बेण्ड ट्रेल निघतो. जाऊन-येऊन चारेक किलोमीटर, फारसा चढ नाही, वाट नदीच्या वरच्या अंगानं जाते. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर केशरी पॉपी आणि निळ्या ल्युपिनची फुलं बोनस. खाली फेसाळणारं पाणी आणि दरीभर घुमणारा आवाज. भर ऑगस्टमध्ये मुळशीच्या रस्त्यावर गाडी थांबवून आपण जे बघतो, तेच इथं मे महिन्यात. योसेमिटीचे धबधबेही याच दिवसांत ऐन भरात असतात. ऑगस्टमध्ये गेलात तर योसेमिटी फॉल्सच्या जागी अनेकदा नुसता कोरडा कडा बघावा लागतो.

आणि डुंबायचं असेल, तर जुलै अखेर ते सप्टेंबर. पाणी उतरलेलं, जरा कोमट झालेलं, तळाचा दगड दिसतोय. अर्थात तेव्हाही उडी मारण्याआधी खोली बघायचीच.

'नाही' कोण म्हणणार?

खरा प्रॉब्लेम नदीचा नसतोच, ग्रुपचा असतो. साडेतीन तास ड्रायव्हिंग झालंय, पार्किंग मिळवायला तासभर गेलाय, पोरं स्विमसूट घालून तयार आहेत. अशा वेळी 'परत फिरू या' म्हणणारा माणूस व्हिलन ठरतो. कुणीतरी म्हणतं, 'फक्त पाय बुडवू.' मग दुसरा म्हणतो, 'तो बघ, तो गोरा पोहतोय ना!' ऑफिसात प्रत्येक रिलीजच्या आधी 'गो, नो-गो' मीटिंग घेणारी आपण मंडळी, नदीवर मात्र डेमो थेट प्रॉडक्शनमध्ये करतो.

म्हणून निर्णय आदल्या रात्री घ्या. आकडा बघा, ठरलेल्या रेघेशी ताडा आणि ग्रुपवर एकच मेसेज टाका: उद्या नदी बघायची की नदीत उतरायचं. बघायची असेल तर स्विमसूट गाडीत घेऊच नका. बॅगेत नसलेली गोष्ट ऐनवेळी बाहेर निघत नाही!

निघण्यापूर्वी

* जोन्स बारचा आकडा आदल्या रात्री आणि सकाळी निघताना, असा दोनदा बघा. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.
* डोंगरावरचं बर्फ दुपारी जास्त वितळतं आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी अडवू शकतो. परतीची वाट त्या हिशेबानं ठरवा.
* इथं लाइफगार्ड नसतात. लहान मुलांना काठावर हाताच्या अंतरावर ठेवा. दुकानातली हवेची ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.
* ओल्या ग्रॅनाइटवर चप्पल, फ्लोटर्स घसरतात. चांगल्या ग्रिपचे बूट घाला.
* कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. काठी, दोर, टॉवेल, जे हाती येईल ते काठावरूनच फेका आणि ९११ला फोन करा. तुम्ही पडलात तर पाठीवर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं वर ठेवा आणि उभं राहायचा प्रयत्न करू नका.
* वाटेवर तीन-तीन पानांची पॉयझन ओक झुडपं असतात. हात लावलात तर आठवडाभर खाजवत बसाल.
* कचरा परत आणा. थेपल्यांची फॉइलसुद्धा!